तबकडी, सुई आणि टर्नटेबल

(बेलवली, बदलापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)

मागच्या खेपेला मी न्यायदर्शनातल्या प्रमाणांवर बोललो होतो, तेव्हा मागच्या दोन रांगा डोळे मिटून खोल चिंतनात गेल्या होत्या. आज टेबलावर ही दोन यंत्रं आणि तबकड्यांचा गठ्ठा दिसतोय म्हटल्यावर सगळे सावरून बसलेत. बरं वाटलं. आजचा विषय तत्त्वज्ञानाचा नाही, निदान सुरुवातीला तरी नाही. ध्वनिमुद्रिका जमवायच्या कशा आणि वाजवायच्या कशावर, एवढाच आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत सोसायटीतली तरुण मुलं येऊन विचारतात, "सर, घरात आजोबांच्या रेकॉर्डी सापडल्या, कोणता प्लेअर घेऊ?" एकेकाला सांगण्यापेक्षा एकदाच सगळ्यांना सांगावं म्हटलं.

पण आधी मी स्वतः केलेला गाढवपणा सांगतो. म्हणजे पुढे मी जे उपदेश करीन ते कुठून आलेत हे तुम्हांला कळेल.

२६ जुलै २००५. इथल्या जुन्या लोकांना या तारखेबद्दल वेगळं सांगायला नको. आम्ही तेव्हा तळमजल्यावर राहत होतो. उल्हास नदी घरात आली ती कंबरेपर्यंत. माझ्या तबकड्या होत्या कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात. का? तर जड असतात म्हणून. एक बारा इंची एलपी तिच्या कव्हरासकट दोनशे ते अडीचशे ग्रॅम भरते. शंभर एलपी म्हणजे वीस-पंचवीस किलो. जड वस्तू खाली ठेवावी हा व्यवहारातला शहाणपणा, आणि पूरक्षेत्रात तोच मूर्खपणा. पाणी ओसरल्यावर बघतो तर सगळा खण चिखलाचा एक सलग ठोकळा झालेला.

आता गंमत बघा. एलपी वाचल्या. कव्हरं गेली, काहींचे मधले कागद गेले, पण व्हिनाइलला पाण्याचं काही सोयरसुतक नसतं. नळाखाली धुतल्या, दोरीवर... नाही, दोरीवर नाही घातल्या, भांड्यांच्या जाळीत उभ्या केल्या आणि वाळवल्या. थोडा चिकट थर राहिला होता तो स्पिरिटचा बोळा फिरवून काढला. छान चकचकीत झाल्या. मग तोच बोळा मी उत्साहाच्या भरात वडिलांच्या जुन्या ७८ गतीच्या तबकडीवर फिरवला. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी, 'पिया बिन नहीं आवत चैन'. वडिलांचं शाळकरी वय मिरजेत गेलं. खाँसाहेब १९३७ साली गेले, त्याआधी वडिलांनी त्यांना दर्ग्यात गाताना ऐकलेलं होतं. नोकरी लागल्यावर पहिल्या काही पगारांतून घेतलेली ती तबकडी. बोळा फिरवला आणि कापूस काळा झाला. मला वाटलं चिखल निघतोय. आणखी जोरात पुसलं. मग बोटाला चिकट लागायला लागलं.

तो चिखल नव्हता, ती तबकडीच होती.

कारण ७८ची तबकडी व्हिनाइलची नसते, लाखेची असते. आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुतार फर्निचरला फ्रेंच पॉलिश करतात ते काय असतं? लाखेचे पापुद्रे स्पिरिटमध्ये विरघळवतात आणि कापडाच्या बोळ्यानं लाकडावर चढवतात. हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो. वर्षानुवर्षं वर्गात 'उपादान कारण' शिकवलं होतं: घटाचं उपादान माती, पटाचं उपादान तंतू. पण हातातली वस्तू कशाची बनली आहे हा साधा प्रश्न मला त्या दिवशी सुचला नाही. असो.

तेव्हा संग्रहाची पहिली पायरी म्हणजे हातात आलेली तबकडी लाखेची आहे की व्हिनाइलची हे ओळखणं. लाखेची जड असते, कडक असते, पडली की बशीसारखी फुटते. सहसा दहा इंची, एका बाजूला एकच गाणं, तीन-सव्वातीन मिनिटांचं. व्हिनाइल लवचीक असते. लाख कुणाची? आपलीच. एका किड्याच्या स्रावापासून ती होते आणि जगभरच्या तबकड्यांना लागणारी बरीचशी लाख आपल्या बिहार-बंगालच्या जंगलांतून जायची. महाभारतातलं लाक्षागृह, बायकांच्या हातातल्या लाखेच्या बांगड्या आणि न्यूयॉर्कमधल्या एखाद्या माणसाच्या घरचा कारुसो, सगळ्यांचं मूळ एकच. दुसऱ्या महायुद्धात हा पुरवठा अडला तेव्हा अमेरिकेत जुन्या तबकड्या गोळा करून, दळून, पुन्हा नव्या ओतायची वेळ आली होती. तबकडीत निव्वळ लाख नसते. तिच्यात दगडाची भुकटी मिसळलेली असते, काजळी असते. ही भुकटी मुद्दाम घातलेली असायची, कारण पोलादी सुई पहिल्या काही फेऱ्यांत घासून खाचेच्या आकाराची व्हावी लागे. म्हणजे सुई झिजावी म्हणून तबकडी खरखरीत केलेली. जुन्या तबकड्यांत 'खर्र' असा जो आवाज येतो तो निव्वळ म्हातारपणाचा नसतो, थोडा जन्मजात असतो.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो इतरत्र मिळेल. एडिसनचा फोनोग्राफ १८७७चा, तो नळकांड्यावर वाजायचा. चपटी तबकडी आणली एमिल बर्लिनरनं, दहा वर्षांनी. १९०२च्या नोव्हेंबरात फ्रेड गायसबर्ग लंडनच्या ग्रामोफोन कंपनीतर्फे कोलकात्यात आला आणि त्यानं गौहरजानचं गाणं मुद्रित केलं. गाणं संपल्यावर ती इंग्रजीत आपलं नाव सांगते, ते ऐकून आपल्याला आज हसू येतं. पण त्यामागे कारण होतं: तबकड्या ठोकल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिराला कळणार कसं की हे कोण गातंय? १९०८ साली कोलकात्यात सियालदहला कारखाना निघाला आणि मग माल इथेच तयार व्हायला लागला. १९२५ नंतर कर्ण्याच्या जागी मायक्रोफोन आला. १९४८ला अमेरिकेत कोलंबियानं ३३⅓ गतीची एलपी आणली. आपल्याकडे मात्र ७८च्या तबकड्या १९७०च्या आसपासपर्यंत निघत होत्या. त्यामुळे बीटल्सच्या गाण्यांच्या भारतीय ७८ निघाल्या आणि आज परदेशातले संग्राहक त्यांच्यासाठी वाट्टेल ती किंमत मोजतात. आपल्या मागासलेपणाला इतका भाव क्वचितच मिळाला असेल.

तीन मिनिटांची एक गोष्ट मात्र थांबून सांगायला हवी. तासभर ख्याल गाणाऱ्या माणसाला सांगायचं की तीन मिनिटांत आटपा. काहींनी नकार दिला. काहींनी घाईघाईत गाऊन टाकलं. आणि काहींनी, खाँसाहेब त्यांतले, तीन मिनिटांचा वेगळाच एक घाट शोधला. त्यात आलाप छोटा झाला असं वाटत नाही. तो तेवढाच होता असं वाटतं. ज्याला रागसंगीत ऐकायला वेळ नाही त्यानं ७८च्या तबकड्या ऐकाव्यात. आणि ज्याला वेळ आहे त्यानं तर ऐकाव्यातच.

आता मुंबईची एक गोष्ट. 'यंग इंडिया' नावाचं लेबल तुम्हांला जुन्या बाजारात कधीतरी दिसेल. नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचं, मुंबईतलं. मोठ्या कंपन्यांनी ज्यांना फारसं विचारलं नसतं अशा गायकांना, नटांना, भाषणांना त्यांनी तबकडीवर आणलं. अशा तबकड्यांचं मोल गाण्याच्या थोरवीवर नसतं, त्या दुसरीकडे कुठेच नसण्यावर असतं. आपल्याकडे १९९० साली मुंबईत 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' स्थापन झाली. टाटा इन्स्टिट्यूटमधले डॉ. सुरेश चांदवणकर हे तिचं काम वर्षानुवर्षं पाहत आलेत. या मंडळींनी 'द रेकॉर्ड न्यूज' नावाचं नियतकालिक काढलं. ब्रिटिश लायब्ररीच्या एका योजनेतून यंग इंडियाच्या तबकड्यांचं डिजिटल जतनही झालं. कुणा एकाच्या छंदातून किती काम उभं राहतं याचा हा नमुना आहे.

बरं, आता यंत्र. मघाशी सांगितलेल्या मुलांना हेच ऐकायचं असतं, आणि ते गप्प बसून ऐकतील म्हणून मी ते मागे ठेवलं.

पुरानंतर बरीच वर्षं माझ्याकडे वाजवायला काही नव्हतं. जुना रेकॉर्ड प्लेअर पाण्यातच गेला होता. मग मुलीनं वाढदिवसाला एक यंत्र दिलं, सुटकेससारखं दिसणारं. झाकण उघडलं की आत तबकडी, आणि स्पीकर त्याच पेटीत बसवलेला. दिसायला इतकं गोड की मी तिला काही बोललो नाही, अजूनही बोललेलो नाही. ती आज इथे आलेली नाही म्हणून सांगतो. त्या यंत्रात तीन दोष होते, आणि अशा स्वस्त पेट्यांत ते सहसा असतातच. एक, सुईचा दाब. चांगल्या यंत्रात सुई खाचेवर दीड-दोन ग्रॅमनं टेकते. यात ती पाच ग्रॅम किंवा जास्तच, आणि दाब कमी करायची सोयच नाही. दोन, स्पीकर पेटीतच. म्हणजे तबला वाजला की पेटी हलणार, पेटी हलली की सुई हलणार, आणि ते हलणं पुन्हा स्पीकरमधून बाहेर येणार. गवयाच्या मांडीवर बसून त्याचं गाणं ऐकण्यातला प्रकार. तीन, ७८, ४५ आणि ३३ तिन्ही गती दिलेल्या, पण सुई एकच.

हा तिसरा दोष समजून घ्या, कारण तो फार लोकांच्या लक्षात येत नाही. ७८ची खाच रुंद असते. तिला साधारण ७५ मायक्रॉन त्रिज्येचं टोक लागतं. एलपीची खाच अगदी बारीक, तिचं टोक १८ ते २५ मायक्रॉनचं. एलपीच्या सुईनं ७८ वाजवली तर ती सुई खाचेच्या भिंतींना टेकतच नाही, तळाशी जाऊन गाळात लोळते. आवाज येतो, पण खरखर जास्त आणि गाणं कमी. उलट ७८च्या सुईनं एलपी वाजवली तर एलपीचं आयुष्य तिथेच संपलं. तेव्हा दुकानदारानं "तिन्ही स्पीड आहेत" म्हटलं की विचारायचं, "आणि सुया?"

१९७७ साली नासानं व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी अंतराळात पाठवली, हे तुम्ही वाचलं असेल. त्यात आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, 'जात कहाँ हो'. गोव्यातल्या केरीची बाई, आता सूर्यमालेच्याही पलीकडे गाते आहे. पण मला त्यात आवडतं ते वेगळंच. त्या लोकांनी तबकडीबरोबर सुई आणि कार्ट्रिजही पाठवलं. आणि वेष्टनावर चित्रं कोरून सांगितलं की सुई कुठे टेकवायची आणि एका फेऱ्याला किती वेळ लागला पाहिजे. एक फेरा ३.६ सेकंदांत, म्हणजे मिनिटाला १६⅔ फेरे. आता परग्रहावरच्या माणसाला सेकंद काय माहीत? म्हणून हायड्रोजन अणूतल्या एका बदलाला लागणारा काळ हे माप धरून ते लिहिलं. तबकडी दिली पण सुई आणि गती सांगितली नाही तर काहीच दिलेलं नाही, हे त्यांना कळलेलं होतं. आपल्या दुकानदारांना कळत नाही.

गतीचा मुद्दा तर आपल्या संगीतात जिव्हाळ्याचा. कारण गती चुकली की षड्जच हलतो. माझ्या एका स्नेह्याच्या मुलानं अमेरिकेहून जुनं, भारदस्त टर्नटेबल आणलं. इथे ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावला, सगळं व्यवस्थित. पण किशोरीताई गायल्या तर वाटावं भीमसेनजी सर्दी होऊन गाताहेत. कारण? ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, वारंवारिता बदलत नाही. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५०. जुन्या सिंक्रोनस मोटरची गती त्या हर्ट्झवर ठरते. म्हणजे यंत्र पाचषष्ठांश गतीनं फिरणार. ज्यांना स्वरांचं गणित ठाऊक आहे त्यांनी पटकन हिशोब करा: षड्जाच्या पाचषष्ठांश म्हणजे कोणता स्वर? बरोबर, मंद्र सप्तकातला शुद्ध धैवत. गवयाचा सा उतरून खालच्या धैवतावर जाऊन बसतो, आणि लय मंदावते ती वेगळीच. आजच्या पुष्कळशा यंत्रांत डीसी मोटर असते, त्यांना ही अडचण नाही. पण जुनं परदेशी यंत्र घेणार असाल तर ५० हर्ट्झची पुली मिळते का ते आधी पाहा.

गती तपासायची अगदी घरगुती युक्ती सांगतो. तबकडीच्या कडेला कागदाचा एक कपटा ठेवा आणि घड्याळ लावा. ३३⅓ गतीला तीन मिनिटांत बरोबर शंभर फेरे व्हायला हवेत. नव्व्याण्णव झाले तर सा थोडा खाली, एकशे एक झाले तर वर. ७८च्या बाबतीत मात्र दुसरीच भानगड आहे. फार जुन्या तबकड्या नेमक्या ७८ गतीनं मुद्रित झालेल्याच नसत; कुठे सत्तरीच्या जवळ, कुठे ऐंशीच्या वर. तेव्हा गती थोडी कमी-जास्त करण्याची सोय असलेलं यंत्र असेल तर उत्तम. पेटीवर गायकाची पट्टी धरायची आणि काटा सरकवत जुळवून घ्यायचं. अर्थात तो गायक काळी एकमध्ये गायचा की काळी दोनमध्ये हे आपल्याला ठाऊक हवं. ते ठाऊक नसेल तर वाद घालायला एक नवा विषय मिळाला म्हणायचं.

"मग सर, घ्यायचं कोणतं?" हो, येतो. आधी आपण काय वाजवणार ते ठरवा. नुसत्या एलपी आणि छोट्या ४५च असतील तर पट्ट्यावर चालणारं, बेल्ट ड्राइव्ह, साधं यंत्र पुरे. ऑडिओ-टेक्निकाचं एलपी-६० घ्या: बटण दाबलं की हात आपोआप जातो आणि परत येतो, दाब कारखान्यातच ठरवलेला, आपल्याला काही करता येत नाही आणि बिघडवताही येत नाही. म्हाताऱ्या हातांसाठी चांगलं. त्यापेक्षा नेमकं ऐकायचं असेल तर रेगाच्या प्लॅनरसारखी यंत्रं आहेत, पण त्यांवर ७८ चालत नाही. ७८ आणि एलपी दोन्ही असतील, म्हणजे माझ्यासारखं घर असेल, तर डायरेक्ट ड्राइव्ह बघा. त्यात मोटर थेट तबकडीच्या खाली असते, पट्टा नाही. टेक्निक्सनं १९७२ साली काढलेलं एसएल-१२०० हे त्यातलं नावाजलेलं. ते खिशाला परवडत नाही, म्हणून मी ऑडिओ-टेक्निकाचं एलपी-१२० घेतलं. त्यात तिन्ही गती आहेत, गती कमी-जास्त करता येते, दाब ठरवता येतो आणि पुढचा सुईचा भाग काढून दुसरा बसवता येतो. एक एलपीचा, एक ७८चा. डब्यात दोन्ही जपून ठेवतो. जुनी गॅरार्ड यंत्रं, ३०१ वगैरे, मिळाली तर सुंदर असतात, पण त्यांची देखभाल करणारा माणूस आधी शोधा आणि मग यंत्र.

आणखी एक खर्च दुकानदार सांगत नाही, तो फोनो प्रीअँपचा. सुईतून निघणारी वीज तीन ते पाच मिलीव्होल्ट असते, फारच क्षीण. शिवाय एलपी कापताना खर्ज मुद्दाम कमी आणि तार स्वर मुद्दाम वाढवलेले असतात, नाहीतर खर्जाच्या मोठ्या लाटांनी खाचा एकमेकींत घुसल्या असत्या. वाजवताना ते उलटं करून घ्यावं लागतं. हे काम प्रीअँप करतो. काही यंत्रांत तो आतच असतो. नसेल आणि तुम्ही थेट टीव्हीच्या स्पीकरला जोडलंत तर पातळ, किनरा आवाज येईल आणि तुम्ही तबकडीला दोष द्याल.

आणि आपल्या गावाचा दोष. आमचं घर रुळांपासून लांब नाही. रात्री मालगाडी गेली की जमीन हलते, तुम्हां-आम्हांला सवय झालीये, सुईला नाही. म्हणून यंत्र टेबलावर न ठेवता भिंतीत ठोकलेल्या फळीवर ठेवलं. आणि ती फळी गवंड्याच्या लेव्हलनं सपाट केली. हे दोनशे रुपयांचं काम होतं आणि त्यानं जेवढा फरक पडला तेवढा महागड्या वायरींनी पडत नाही.

सुईच्या प्रवासाचा एक हिशोब मला फार आवडतो. एलपीची एक बाजू वीस मिनिटांची धरली तर सुई सव्वाचारशे मीटरच्या आसपास चालते. पण सारख्या वेगानं नाही. फेरे तेवढेच, पण बाहेरचं वर्तुळ मोठं, आतलं लहान. त्यामुळे बाहेर खाच सुईखालून सेकंदाला ५१ सेंटिमीटर सरकते, आत लेबलाजवळ जेमतेम २१. तेवढाच आवाज कमी जागेत कोंबलेला असतो, म्हणून शेवटी तो फाटण्याची शक्यता जास्त. आता आपलं दुर्दैव बघा: आपला राग विलंबितानं सुरू होतो आणि द्रुतावर, तानांवर संपतो. म्हणजे माध्यम जिथे सगळ्यात दुबळं, तिथेच गाणं सगळ्यात गुंतागुंतीचं. किशोरीताईंच्या 'सहेला रे'ची एलपी, एका बाजूला भूप आणि दुसऱ्या बाजूला बागेश्री, चांगल्या सुईवर आणि वाईट सुईवर ऐकून बघा. भूपाच्या सुरुवातीला फारसा फरक कळणार नाही. शेवटच्या पाच मिनिटांत कळेल. म्हणून पैसे वाचवायचे तर यंत्राच्या चकचकीतपणात वाचवा, सुईत नको. हिऱ्याची सुई साधारण पाचशे ते हजार तास चालते. तास मोजायला वही ठेवा.

आता तो प्रश्न, जो मला दर वेळी विचारला जातो आणि आजही चिठ्ठीवर आलाय: "हे सगळं यूट्यूबवर फुकट आहे, मग कशाला?"

प्रामाणिक उत्तर देतो. आवाजासाठी म्हणाल तर कशाला नाहीच. चांगलं डिजिटल रूपांतर माझ्या घरच्या तबकडीपेक्षा स्वच्छ असतं. "अॅनालॉगची ऊब" वगैरे लोक म्हणतात, त्यातली बरीचशी ऊब किंमत आठवून येते.

पण वडिलांची ती तबकडी गेल्यावर पाच-सहा वर्षांनी पुण्याच्या जुन्या बाजारात मला तीच मिळाली. तेच गाणं, तेच लेबल, तोच क्रमांक. विकणाऱ्याला ती काय आहे ते ठाऊक नव्हतं, मी चेहरा सरळ ठेवला. घरी आणून वाजवली. सुंदर वाजली. आणि एका ठिकाणी मी थांबलो, कारण वडिलांच्या तबकडीत तिथे एक चरा होता. प्रत्येक फेऱ्याला एकदा 'टक्', असे सात-आठ वेळा. लहानपणापासून मी ते गाणं त्या टक्टकीसकट ऐकलेलं. मला वाटायचं तो तबल्याचाच भाग आहे. नव्या प्रतीत ती जागा कोरी होती. मी अजूनही तिथे आलो की वाट बघतो.

आता ही तीच तबकडी की दुसरी? नैयायिक म्हणेल, जाती एक, व्यक्ती दोन, प्रश्न मिटला. आमच्याकडे शब्द नित्य की अनित्य हा वाद शतकानुशतकं चालला. मीमांसक म्हणतात शब्द नित्य आहे, उच्चार त्याला फक्त प्रकट करतो. नैयायिक म्हणतात छे, शब्द उत्पन्न होतो आणि नाश पावतो. मीमांसकांना काळजी होती वेदांची, झिंझोटीची नव्हती, त्यामुळे हा दाखला मी जरा ओढूनताणून आणतोय हे मान्य. पण तबकडी फिरत नसताना गाणं कुठे असतं, हे मी त्या दोघांनाही विचारलं असतं. पुण्याची प्रत ऐकताना मी मीमांसक असतो. गाणं आहे, पुन्हा प्रकट झालं. कपाटातली ती डागळलेली, मुकी तबकडी हातात घेतली की नैयायिक होतो. ती मी फेकलेली नाही.

तेव्हा यूट्यूबवर गाणं मिळतं. घरातली वस्तू मिळत नाही. ज्याला वस्तूचं काही वाटत नाही त्यानं खुशाल यूट्यूब ऐकावं, त्यात कमीपणा काही नाही. पण ज्यांच्या घरात वस्तू आहे त्यांना मला कळकळीनं सांगायचंय. माझ्या परिचयातले एक संग्राहक वारले. शेकडो तबकड्या, आयुष्यभर जमवलेल्या. मुलांना जागा हवी होती, त्यांची चूक म्हणत नाही, इथल्या घरांत माणसंच मावत नाहीत. महिनाभरात सगळं भंगारवाल्याकडे गेलं, किलोवर. मला कळेपर्यंत तराजूही थंड झाला होता. त्यांत काय होतं हे कुणालाच माहीत नाही, कारण यादी नव्हती. त्यांच्या डोक्यात होती.

म्हणून यादी करा. गायक, गाणं, कंपनी, लेबलावरचा क्रमांक, आणि लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला बारीक क्रमांक, तो मॅट्रिक्स नंबर. एचएमव्हीच्या एलपीवर ईसीएलपी किंवा ईएएलपी असेल तर ती मोनो, ईसीएसडी किंवा ईएएसडी असेल तर स्टिरिओ. हेही लिहा. यादीच्या वर हा संग्रह पुढे कुणाला द्यायचा ते लिहा. आणि त्या माणसाला आधी विचारा. मी विचारलं, तर दोघांनी नाही म्हटलं. तिसरा विचार करतोय.

जतनाचं चटकन सांगतो. तबकड्या उभ्या ठेवा, आडव्या रचू नका, खालची वाकते. जमिनीपासून किमान छातीइतक्या उंच. २०१९च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस आपल्या इथे बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पाण्यात अडकली होती, तेव्हा माझ्या तबकड्या वरच्या मजल्यावर होत्या आणि मी निवांत होतो. पावसाळ्यात बुरशी धरते, तेव्हा गणपतीआधी एकदा सगळ्या बाहेर काढून पुसा. धुवायला डिस्टिल्ड पाणी, बॅटरीत घालतात ते, आणि भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब. लेबल ओलं करू नका. लाखेच्या तबकडीला पाण्याचंही ओझरतं काम, लगेच कोरडी करा. आणि स्पिरिट... नको, परत सांगत नाही.

विकत घ्यायला मुंबईत चोरबाजार आहे, फोर्टात फुटपाथवर बसणारे आहेत, पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. उल्हासनगरात जुन्या रेडिओची दुरुस्ती करणारे काही लोक अजून आहेत, त्यांच्याकडे माळ्यावर काय पडलंय ते विचारत जा. घेताना तबकडी उजेडात तिरपी धरून पाहा. खाचा काळ्याभोर आणि चमकदार असल्या तर चांगली, करड्या पडल्या असल्या तर पोलादी सुयांनी खाल्लेली. वरवरचे चरे दिसतात भयंकर, पण बरेचदा ऐकू येत नाहीत. करडेपणा हमखास ऐकू येतो.

झालं, बराच वेळ घेतला. हे डावीकडचं यंत्र चावीचं आहे, यावर आपण एक जुनी ७८ ऐकू. हिच्या पोलादी सुईचं वजन शंभर ग्रॅमच्या वर पडतं, म्हणून माझी चांगली तबकडी यावर लावत नाही. ही आधीच करडी झालेली आहे, हिला आता सगळं माफ. खाँसाहेब नंतर उजवीकडच्या यंत्रावर. पुढे येऊन उभे राहिलात तरी चालेल, मात्र टेबलाला हात लावू नका. आणि तो पंखा जरा बंद कराल का कुणीतरी?